दीड मिलिमीटर

१

वासंतीकाकूंनी तोंडावर धरलेला पदर काढला आणि डॉक्टरांनी सांगितलं तसं हसून दाखवलं. उजवीकडे खालचा ओठ उतरला, दात दिसले. डावीकडे ओठ जागचा हललाच नाही. अर्धा चेहरा लग्नघरातला, अर्धा मयताला बसल्यासारखा.

राही दारातच थांबली. काल संध्याकाळी याच चेहऱ्यावर तिचा हात फिरला होता.

रत्नागिरीत मारुती मंदिराच्या मागच्या गल्लीतलं डॉक्टर नीरजांचं त्वचेचं क्लिनिक तसं लहानच. डॉक्टर, मशीन चालवणारी राही, फोनपाशी बसणारी नम्रता आणि झाडण्यापुसण्यापासून पूजेपर्यंत सगळं बघणारे रावजी, एवढीच माणसं. वासंतीकाकू पावस गावच्या वाटेवरच्या जोगळेकरांकडच्या, आंब्याच्या बागा असलेल्या घरातल्या. लेकीचं लग्न मार्गशीर्षात. तोवर हनुवटीखाली उतरलेली कातडी जरा वर यावी, एवढीच त्यांची हौस. पण साखरपुडा होता कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे अवघ्या चार दिवसांवर.

त्यांचे यजमान दत्तात्रेय जोगळेकर भिंतीला टेकून उभे होते. आवाज न चढवता ते म्हणाले, "डॉक्टर, मी भांडायला आलेलो नाही. हे कोणी केलंन, एवढं मला लिहून हवंय. चार वाजता येतो. कागद नसला तर सरळ पोलीस स्टेशनात. आणि ही तोवर इथेच बसेल. घरात पाहुणे उतरलेत, हा चेहरा घेऊन हिला नेऊ कुठे?"

डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की ओठ खाली ओढणारी बारीक नस जबड्याच्या कडेवरून जाते आणि तिला धग लागली आहे. बहुतेकदा काही आठवड्यांत ती आपोआप सुधारते. काही आठवडे, म्हणजे साखरपुडा गेलाच.

मग त्यांनी राहीला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर कागद तयार होता. जबड्याच्या कडेला मशीनचं तीनऐवजी साडेचार मिलिमीटर खोलीचं टोक, म्हणजे कार्ट्रिज, वापरलं, चूक सर्वस्वी माझी, असं त्यात होतं. खाली राहीचं नाव आणि सहीची जागा.

"दुसरं काही असूच शकत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "कंपनीचा दीपक साडेतीनला मशीन तपासायला येतोय. मशीन ठीक निघालं की प्रश्नच मिटला. चारच्या आत सही कर."

बाहेर येऊन राहीने मुंबईला नवऱ्याला फोन लावला. मुकुलने सगळं ऐकून घेतलं.

"आईला सांगतो," तो म्हणाला. "ती लांज्याहून दुपारच्या गाडीने निघेल. मनस्वीला घेऊन जाऊ दे. तू आधी हे निस्तर."

२

मनस्वी सव्वा वर्षाची. सासूबाईंचं पहिल्यापासून म्हणणं, की पोर लांज्याला राहू दे, आई कामाला जाते तर पाळणाघरात कशाला. राही दर वेळी एकच उत्तर देई, मला दोन्ही जमतंय. आज ते उत्तर संपलं होतं. एकदा पोर लांज्याला गेली आणि आईच्या नावावर पोलिसांत कागद लागला, की ती परत कोण देणार?

आणि खरं सांगायचं तर तिला स्वतःचाच भरवसा वाटेना. मनस्वीच्या तापापायी चार रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता. अशा बाईचा हात चुकू शकतो, हे तिला कोणी सांगायला नको होतं.

मशीनच्या खोलीत जाऊन ती स्टुलावर बसली आणि काल काय काय केलं ते पहिल्यापासून आठवू लागली. पेशंटला समजावताना ती भिंगाचं उदाहरण देई. भिंगातून ऊन एका ठिपक्यावर धरलं की कागद तिथेच जळतो, भिंग थंड राहतं. इथे उन्हाऐवजी ध्वनिलहरी. जेल लावून मशीनचा हातात धरायचा हँडपीस टेकवला की त्या कातडीला धक्का न लावता आत जातात आणि ठरलेल्या खोलीवर एका ठिपक्यात जमतात. तिथे क्षणभर पासष्ट-सत्तर अंशांची धग. असे शेकडो ठिपके. शरीर त्या डागण्या भरून काढू लागतं, कातडी घट्ट धरणारं नवं कोलॅजन तयार करतं आणि दोन-तीन महिन्यांत सैल कातडी आवळून वर ओढली जाते.

ती खोली ठरते हँडपीसला लावायच्या कार्ट्रिजवर. डबीत अशी तीन होती. साडेचार मिलिमीटरचं गालाच्या जाड भागाला, तीनचं जबड्याच्या कडेला, दीडचं कपाळाला. तिन्ही पांढऱ्या प्लॅस्टिकची, जुळ्या बहिणींसारखी. फरक काय तो लेबलवरच्या आकड्याचा. हे मशीन जुनं, कोणतं कार्ट्रिज लावलंय ते त्याला कळत नसे. लावणाऱ्याने वाचायचं.

डबीची किल्ली राहीकडे. परवा दसऱ्याला तेवढी तिने रावजींच्या हाती दिली होती. रावजींनी बीपीच्या यंत्रापासून फरशी पुसायच्या बादलीपर्यंत सगळ्याला हळदकुंकू लावलं, कार्ट्रिजंसुद्धा पाटावर मांडून. नंतर अर्धा तास राही ती स्पिरिटने पुसत बसली होती आणि रावजींवर करवादली होती.

काल उजवी बाजू पुरी झाली. डावीकडे साडेचारने गाल झाला. तेवढ्यात पाळणाघरातून फोन आला, मनस्वीला उलटी झाली म्हणून. तिने कार्ट्रिज काढून डबीत ठेवलं, कुलूप न लावताच नम्रताच्या टेबलापाशी जाऊन दहा मिनिटं फोनवर बोलली, परत आली, तीनचं लावलं आणि डावी कड पुरी केली. लावलं ना तीनचं?

याचं उत्तर एकाच माणसाकडे होतं. ती वासंतीकाकूंच्या कोचापाशी जाऊन खाली बसली. त्या बोलतील अशी तिला आशा नव्हती.

काकू बोलल्या, पदराआडून. उपचार चालू असताना त्यांच्या डोळ्यांवर ओला कापूस होता, त्यामुळे दिसलं काहीच नाही. पण ऐकू सगळं येत होतं. राही दर वेळी कार्ट्रिज लावताना आकडा मोठ्याने म्हणे, मुलीचं औषध मोजताना म्हणावा तसा. दोन्ही कडांना ती 'तीन' म्हणाली होती.

"पण डावीकडे दाढेत कळ गेली," काकू म्हणाल्या. "मी म्हटलंसुद्धा, अगो हाडापर्यंत जातंय हे. तू म्हणालीस, झालंच काकू."

राहीने मान खाली घातली. म्हणाली होती. तिचं अर्धं चित्त पाळणाघरात होतं.

"आणि मधे येऊन गेलीस तेव्हा मी विचारलं किती राहिलं, तर बोललीच नाहीस. डबी उघडलीस, मिटलीस आणि गेलीस."

राहीने वर पाहिलं.

"काकू, मी मधे आलेच नव्हते."

३

म्हणजे त्या दहा मिनिटांत कोणीतरी खोलीत शिरलं होतं. राही उठली. आताची भीती सकाळच्या भीतीहून वेगळी होती, हिला हातपाय होते.

तिचा पहिला संशय नम्रतावर. नम्रताला मशीन शिकायचं होतं, आणि राही गेली तर तिची जागा तिलाच. नम्रताने संशय ओळखला आणि नाक मुरडलं. तिने सुनावलं, की तू माझ्या टेबलापाशी दहा मिनिटं रडत होतीस, माझंच पाणी पीत होतीस, मी तुझ्या पुढ्यात होते का मशीनच्या खोलीत? दसऱ्याला म्हणशील तर मी गावी हेदवीला होते, दशभुजा गणपतीच्या दर्शनाला. फोटो बघ हवा तर.

हे खरंच होतं. फोनभर नम्रता तिच्या डोळ्यांसमोर होती.

रावजींना तिने स्वतःच तापाचं औषध आणायला पिटाळलं होतं. ते परत आले ते तिचं काम उरकल्यावर, दुकानदाराला शिव्या देत.

राहिल्या डॉक्टर. आणि इथे राही थबकली, कारण तिला चपला आठवल्या.

मशीनच्या खोलीत पायातलं घालून जायचं नाही, हा इथला नियम. क्लिनिकात वापरायच्या चपला प्रत्येकाच्या वेगळ्या, म्हणून खोलीत कोण आहे ते दारातल्या चपलांवरून कळे. काल फोन संपवून ती लगबगीने परतली तेव्हा दारात डॉक्टरांच्या निळ्या चपलांना अडखळली होती. मॅडम आत आहेत असं वाटून तिने पदर सारखा केला होता. आत वासंतीकाकूंशिवाय कोणी नव्हतं. घाईत तिने तो विचार तिथेच सोडला होता.

मग मॅडमच? ज्यांनी सहीचा कागद लिहिला त्याच?

ती परत काकूंकडे गेली. कोणी डबी उघडली तेव्हा आणखी काय ऐकू येत होतं?

"नीरजाचं अथर्वशीर्ष," काकू म्हणाल्या. "रोज म्हणते वाटतं. स्पष्ट म्हणते हो."

राहीने डोळे मिटून घेतले. डॉक्टर रोज दिवेलागणीला केबिनमध्ये गणपतीपुढे निरांजन लावून अथर्वशीर्ष म्हणत. त्या वेळी त्यांच्या चपला केबिनच्या दाराबाहेर असत. डॉक्टर एकीकडे अनवाणी म्हणत होत्या आणि त्यांच्या चपला दुसऱ्याच दारात जाऊन पोचल्या होत्या. कोणीतरी त्या पायात सरकवून चालत नेल्या होत्या. आणि काकूंनी प्रश्न विचारताच ते माणूस उत्तर न देता, चपलाही न घालता पळालं होतं. उत्तर का दिलं नाही? आवाज ऐकला असता तर बाई नाही हे कळलं असतं म्हणून?

तिने किल्ली काढून डबी उघडली. तिन्ही कार्ट्रिजं उजेडाशी धरली. साडेचारच्या मानेभोवती बारीक खाच होती, आणि त्या खाचेत पिवळी रेघ. दीडच्याही खाचेत तीच रेघ. दसऱ्याची हळद. कितीही स्पिरिट घासलं तरी प्लॅस्टिकच्या खाचेतून निघाली नव्हती.

तीनची खाच दुधासारखी पांढरी होती.

४

डॉक्टरांनी तिन्ही कार्ट्रिजं हातात घेऊन पाहिली आणि परत ठेवली. हळदीने काय सिद्ध होतं, त्यांचं म्हणणं. लेबल तीनचंच आहे. राहीलाही ते कळत होतं. लेबल खोटं बोलतंय असं म्हणायचं, तर आतली खोली दाखवायला हवी. कुणाच्या गालावर दाखवणार?

अडीच वाजले होते. दाराशी रावजी त्यांची पिशवी फ्रीजमधून काढत होते. नवरात्र सरलं तशी आज बऱ्याच दिवसांनी घरी मासळी शिजायची होती. सकाळीच त्यांनी मिरकरवाड्याच्या बंदरातून सुरमई आणलेली.

"रावजीकाका," राही म्हणाली, "एक तुकडी द्याल?"

"काय गो, डागतंस काय तिला?" रावजी हसले. राही हसली नाही, तसं त्यांनी मुकाट पिशवी पुढे केली.

कच्च्या सुरमईचा गर काचेसारखा असतो, आरपार अंधुक दिसणारा. धग लागली की तिथे पांढरा होतो, हे रत्नागिरीतल्या बाईला शिकवावं लागत नाही. राहीने तुकडीवर जेल लावलं. साडेचारचं कार्ट्रिज लावून मोठ्याने आकडा म्हणाली आणि एका बाजूला ठिपक्यांची एक ओळ मारली. मग तीनचं लेबल असलेलं लावलं, दुसऱ्या बाजूला दुसरी ओळ. डॉक्टर पाहत होत्या, नम्रता दारातून डोकावत होती.

डॉक्टरांनी स्वतः ब्लेड घेऊन तुकडी उभी कापली. गरात मोत्यासारखे पांढरे दाणे दिसले. डावीकडची ओळ आणि उजवीकडची ओळ अगदी एका पातळीत होत्या. डॉक्टरांनी पट्टी लावली. दोन्हीकडे साडेचार.

दीड मिलिमीटरचा फरक असायला हवा होता. तांदळाच्या दाण्याच्या जाडीएवढा. तेवढ्यात काकूंचं हसू गेलं होतं.

डॉक्टर खुर्चीत बसल्या. त्यांचा चेहरा उतरला होता, पण आवाज तसाच होता.

"हे तीनचं नाही, मानलं. कोणीतरी खरं काढून हे ठेवलं. पण किल्ली तुझ्याकडे असते, राही. ते तूच केलं नाहीस, हे जोगळेकरांना मी कशावरून सांगू?"

बाहेर दीपकची मोटारसायकल थांबली. साडेतीनला दहा कमी होते.

५

दीपक कोल्हापूरचा. महिन्यातून एकदा मशीनची सर्व्हिसिंग करायला यायचा आणि जवळच पालीला बहिणीकडे उतरायचा. कालही पाचला येऊन, काम करून, चहा पिऊन निघतो म्हणून उठला होता. तो गेला हे राहीने धरून चाललं होतं. पाहिलं नव्हतं.

तिने डॉक्टरांना एवढंच विनवलं, की मॅडम, चपला केबिनबाहेर काढून बसा, आणि पाच मिनिटं काही बोलू नका. डॉक्टरांनी तिच्याकडे नीट पाहिलं आणि चपला काढल्या.

दीपकने बाहेरच्या दारात बूट काढले. आत आला. पाहुण्याला इथे स्वतःच्या चपला नसतात. बोलता बोलता, खाली न बघता, त्याने केबिनबाहेरच्या निळ्या चपलांत पाय सरकवले, पॅसेजमधून चालत गेला आणि मशीनच्या खोलीच्या दारात त्या काढून ठेवल्या. तंतोतंत कालच्या जागी.

केबिनच्या दारातून डॉक्टर ते बघत होत्या.

"मशीन झकास हाय ओ," दहा मिनिटांनी दीपक म्हणाला. "चालवणाऱ्याची चूक असतीया बघा. झोप झाली नसली की व्हतंय असं." राहीकडे त्याने दयाळूपणे पाहिलं.

तेवढ्यात दत्तात्रेय जोगळेकर आले, चारला दहा मिनिटं असताना. राहीने डबी सगळ्यांसमोर उघडली आणि दीपकला साधा प्रश्न विचारला. यातलं तीनचं, ते तुम्ही उन्हाळ्यात आम्हाला दिलेलंच ना?

"व्हय, तेच. सील मी स्वतः फोडलंय तुमच्यासमोर."

"तेव्हापासून ते या डबीतच आहे?"

"मग कुठं जाणार?"

"मग याला हळद का नाही?"

दीपकला प्रश्न कळला नाही. खरोखरच कळला नाही, आणि तेच राहीला हवं होतं. दसऱ्याला इथे असलेलं माणूस असं गोंधळलं नसतं. रावजींनी पुढे होऊन आपला फोन दाखवला. दसऱ्याचा पाट, झेंडूची फुलं, आणि तीन कार्ट्रिजं ओळीने, तिन्हींच्या मानेवर रावजींच्या बोटाची जाड हळद.

"मी लावलंय," रावजी म्हणाले. "ही परवा माझ्यावर खेकसली त्या हळदीपायी. आज तीच कामी आली बघा."

राही बोलत राहिली. पूजेनंतर तीनचं कार्ट्रिज बदललं गेलं. डबी उघडी होती ती फक्त काल, तिच्या फोनच्या दहा मिनिटांत. नम्रता तिच्यासमोर होती. रावजी औषधाच्या दुकानात. डॉक्टरांचा आवाज केबिनमधून येत होता, पण चपला इथे होत्या. क्लिनिकात काम करणारं, पण इथे स्वतःच्या चपला नसलेलं एकच माणूस काल आलं होतं. काकूंच्या डोळ्यांवर कापूस आहे, आपण दिसणार नाही, हे त्याने पाहिलं असेल. काकूंनी विचारलं तेव्हा ते गप्प राहिलं.

"आणि तीनचंच का बदललं, तर ते सगळ्यात नवं," ती म्हणाली. "वापरून संपलेली कार्ट्रिजं परत चालू करून विकतात, असं तुम्हीच मला एकदा सांगितलं होतंत. लेबल काय, कुठलंही चिकटवता येतं. तुमच्या हातात असं जुनं साडेचारचं होतं, त्यावर तीनचं लेबल लावून ठेवलंत आणि नवं विकायला नेलंत."

दीपकने बॅग खांद्याला लावली. उशीर होतोय, असं काहीतरी तो पुटपुटला. दत्तात्रेय दारात उभे होते आणि बाजूला झाले नाहीत.

"बॅग उघडा," ते म्हणाले. "काही नसलं तर मी तुमची माफी मागेन. चारचौघांत मागेन."

दीपक अजून कोल्हापूरला परतलाच नव्हता. बॅगेच्या तळाशी, स्पंजच्या खाचेत, रुमालात गुंडाळलेलं एक पांढरं कार्ट्रिज होतं. दत्तात्रेयांनी ते खिडकीशी धरलं. मानेच्या खाचेत पिवळी रेघ होती.

६

पोलिसांत दीपकला दत्तात्रेय आणि रावजी घेऊन गेले. डॉक्टरांनी सहीचा कागद फाडला, दुसरा घेतला आणि उभ्या उभ्याच लिहिला. कार्ट्रिज न तपासता घेतलं आणि उपचार चालू असताना मी खोलीत नव्हते, एवढंच. खाली त्यांनी स्वतःचं नाव घातलं. राहीकडे त्यांनी पाहिलं नाही, पण पेन तिच्यापुढे सरकवलंही नाही.

राही सुटली होती. सगळे तसंच म्हणत होते. नम्रताने तर चहा टाकला.

राही कोचापाशी गेली. वासंतीकाकू पदर धरून बसल्या होत्या, सकाळी होत्या तशाच. त्यांच्यासाठी काहीच बदललं नव्हतं.

"काकू," ती म्हणाली, "कार्ट्रिज मी बदललं नाही. पण हाडापर्यंत जातंय असं तुम्ही म्हणालात, आणि मी ऐकलं, आणि हात थांबवला नाही. मला घरी जायची घाई होती. थांबले असते तर नस वाचली असती कदाचित."

काकूंनी पदर खाली केला. तिच्यापुरता, पहिल्यांदाच.

"हे तू नसतं सांगितलंस तरी चाललं असतं," त्या म्हणाल्या.

"हो."

"मग रोज संध्याकाळी घरी येऊन बघत जा, ओठ हलतो का ते. आरशात मला बघवत नाही. कोणीतरी खरं सांगणारं हवं."

राहीने मान डोलावली.

पाळणाघरातून मनस्वीला कडेवर घेऊन ती एस.टी. स्टँडवर पोचली, तेव्हा लांज्याची गाडी लागलेली होती. सासूबाई बाकावर बसल्या होत्या, पायाशी पोरीच्या कपड्यांसाठी आणलेली रिकामी पिशवी. मनस्वीचं अंग अजून कोमट होतं. तिने आजीकडे झेप घेतली आणि दोन्ही ओठ फाकवून हसली. राही त्या ओठांकडे बघत राहिली. उजवीकडे, डावीकडे. दोन्हीकडे.

"सुटलीस काय?" सासूबाईंनी विचारलं.

"अर्धी," राही म्हणाली. मग श्वास घेऊन म्हणाली, "आई, मनस्वी इथेच राहील. माझ्याजवळ."

सासूबाईंनी पोरीच्या कपाळाला हात लावून पाहिला. गाडीच्या कंडक्टरने लांजा, लांजा असा पुकारा केला. त्यांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. रिकामी पिशवी घडी करून त्यांनी काखेत मारली.

"ताप आहे पोरीला," त्या म्हणाल्या. "चार दिवस मीच राहते. तुला संध्याकाळी जायचं असेल ना कुठेतरी?"

कुठे, हे राहीने अजून त्यांना सांगितलंच नव्हतं. 'अर्धी' एवढ्यावरूनच त्यांनी ताडलं होतं, की काहीतरी फेडायचं राहिलंय.